विहिरीची भिंत आणि तळ्याचा काठ

मोबाइलचा असो, रेडिओचा असो की उपग्रहाचा, अँटेना आज आधी संगणकात बांधला जातो. त्यातून लहर कोणत्या दिशेला किती जाईल, हे गणिताने पाहून मगच धातू कापतात. या गणितातली एक अडचण मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. ती आहे काठाची.

अँटेनातून निघालेली लहर मोकळ्या आकाशात जाते ती जातेच. आकाशाला भिंत नाही. संगणकाची स्मृती मात्र मर्यादित. म्हणून अँटेनाभोवती एक पेटी कल्पून तिचे लहान लहान घन पाडतात आणि प्रत्येक घनातलं विद्युत व चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाने पुढे मोजत नेतात. ही रीत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली. पेटी संपते तिथे पुढे काय, हे सांगितलं नाही, तर काठ धातूच्या भिंतीसारखा वागतो आणि लहर उलटून अँटेनावर येते.

आमच्या शेलूबाजार भागातल्या एखाद्या बांधीव विहिरीत खडा टाकून पाहा. तरंग भिंतीवर आपटून परततात, एकमेकांत मिसळतात. थोड्या वेळाने खडा कुठे पडला, हे पाण्यावरून ओळखू येत नाही. तोच खडा गवताळ, उथळ काठाच्या तळ्यात टाका. तरंग गवतात शिरतात आणि विरून जातात. अँटेनाच्या पेटीला असाच काठ हवा. त्यालाच म्हणायचं शोषक सीमा.

१९८१ मध्ये मुर यांनी काठावर असं समीकरण बसवलं, की लहर बाहेरच चालली आहे असं गणित धरून चालतं. सरळ आलेल्या लहरीला ते मानवलं. तिरपी लहर थोडी परतत राहिली. १९९४ मध्ये फ्रान्सच्या बेरांझे यांनी काठाशी एका काल्पनिक पदार्थाचा थर लावला. त्याचे गुण हवेशी असे जुळवलेले, की लहर न अडखळता आत शिरते आणि आत गेल्यावर क्षीण होते. बहुधा आठ-दहा घनांचा थर पुरतो. शोषण मात्र एकदम नको, आत जाताना हळूहळू वाढावं. अँटेना तपासण्याच्या खऱ्या खोल्यांत भिंतींना कार्बनयुक्त फोमची टोकदार शंकू लावतात, तेही याच कारणाने.

हा काठ अँटेनापासून किती दूर ठेवायचा? साधारण नियम पाव तरंगलांबीचा, आणि तोही सर्वांत लांब लहरीचा. पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ती वेगवेगळ्या लांबीच्या लहरी टिपते. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, तर हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर २१ सेंटिमीटरची. पहिलीला निदान अर्धा मीटर मोकळी जागा लागेल, दुसरीला पाच सेंटिमीटर. दोन्ही एकाच पेटीत तपासायच्या, तर अर्धा मीटरच धरावा. काठ फार जवळ आला, तर अँटेनाला चिकटून असलेलं क्षेत्रच बिघडतं.

एक सावधगिरी आणखी. सगळंच परावर्तन खोटं नसतं. अँटेना जमिनीजवळ उभा राहणार असेल, तर जमिनीवरून उलटणारी लहर खरी आहे. तिथे शोषक थर लावला, तर आपण खरी गोष्टच पुसून टाकतो.

आणि उत्तर बरोबर आहे, हे ओळखायचं कसं? पेटी मोठी करा, काठ दुप्पट लांब न्या आणि गणित पुन्हा चालवा. उत्तर तेच आलं, तर ते अँटेनाचं. बदललं, तर ते भिंतीचं होतं. ही दुसरी फेरी संगणकाचे काही तास खाते, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो. पण ती टाळली, तर चूक धातू कापल्यावर, मनोरा उभा राहिल्यावर कळते. आणि तिची किंमत मग संगणकाच्या तासांत मोजता येत नाही.