आत्याची पर्स आणि चामड्याचे शास्त्र

लालबागची आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आत्याची चामड्याची पर्स सापडली. आत्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. आमच्या घरात महिन्याचा पगार घेणारी पहिली बाई. माझ्या आजीने जन्मभर पैसे लुगड्याच्या गाठीला बांधले. म्हणून ही पर्स मला टाकवेना. एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, "आपण त्या कामातून कधीच बाहेर पडलो. आता पुन्हा कातडे कशाला चिवडतोस?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण आधी चामडे म्हणजे काय ते पाहू.

कच्चे कातडे कुजते. ते कमावले म्हणजे त्याचे चामडे होते. बाभळीची साल, हिरडा यांतले टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून ठेवते; या पद्धतीला कित्येक आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमच्या क्षारांची पद्धत आली आणि तेच काम फार थोड्या वेळात होऊ लागले. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर करडी दिसते. सालीच्या चामड्याची तपकिरी. आत्याच्या पर्सची कड तपकिरी होती.

तिच्यावर पांढरी बुरशी होती. ती उघड्या हवेत कोरड्या फडक्याने पुसली आणि पर्स सावलीत ठेवली; उन्हात चामडे तडकते. चामड्यातले तेल वर्षानुवर्षे उडून गेले की तंतू ठिसूळ होतात. म्हणून आधी एका कोपऱ्यावर लावून पाहिले, आणि मग फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात दिला. वरच्या झाकणाला मात्र तांबूस भुकटी सुटत होती. कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या वायूंमुळे सालीच्या चामड्याला हा रोग जडतो. गिरण्यांच्या चिमण्यांखाली गेलेल्या पर्सला तो व्हावा, यात नवल नाही. असे चामडे पूर्ववत होत नाही. तेवढा तुकडा बदलावाच लागतो.

त्यासाठी दादर स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकाराकडे गेलो. त्यांनी कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि "सालीचं आहे," एवढेच म्हणाले. रापीने कुजलेले झाकण कापले, तसाच नवा तुकडा बेतला. कुजका दोरा उसवून मेण लावलेला दोरा जुन्याच भोकांतून ओवला. मी कारण विचारले. ते म्हणाले, "सर, नवी भोकं पाडली की चामडं तिथंच फाटतं. तिकिटासारखं."

मी विचारले, "हे मुलाला शिकवलंत का?"

"तो बी. कॉम. करतोय. आरीला हात लावू देत नाही मी त्याला."

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. आपल्या माणसांनी ते मांस सोडले, ओढकामही सोडले, आणि ते योग्यच झाले. जात म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे त्यांनी १९३६ साली मांडले. ही विभागणी मोडायची तर जन्माने गळ्यात बांधलेला धंदा सोडता आलाच पाहिजे.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था निघाली. तिथे याच विषयावर प्रयोगशाळा आहेत, संशोधक आहेत. म्हणजे चामड्याचे ज्ञान तिथे शास्त्र ठरते आणि दादरच्या फुटपाथवर जात ठरते. चामडे तेच आहे. बदलतो तो पाहणारा. विटाळ कातड्यात कधीच नव्हता.

म्हणून आमच्या नातेवाइकांना माझे उत्तर असे: आपण धंद्याची सक्ती सोडली, ते ज्ञान हलके म्हणून सोडलेले नाही. ज्याला शिकायचे असेल त्याला, मग तो कोणत्याही घरातला असो, ते शाळेत शिकता यावे; आणि बी. कॉम. करणाऱ्या मुलाला त्याच्यापासून निर्धास्त दूर राहता यावे. दोन्ही एकाच वेळी शक्य होईल, तेव्हा विभागणी मोडली असे म्हणता येईल.

त्या वृद्धांनी मजुरी फारच कमी सांगितली. मी जास्त देऊ लागलो, तेव्हा त्यांनी आधी पर्स पुन्हा हातात घेतली, झाकण दोनदा उघडून मिटून पाहिले, आणि मगच पैसे घेतले.