कोरसमधला आवाज

छावणीच्या गुरुवारच्या आठवडी बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात एखादी काळी, गोल तबकडी कधी दिसली, तर ती हातात घेऊन पाहा. (तबक हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. त्यावरूनच मराठीत तबकडी हा शब्द आला.) तबकडीच्या मध्यभागी एक गोल कागद चिकटवलेला असतो. त्यावर चित्रपटाचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव छापलेले असते. एकेकाळी अशा कितीतरी तबकड्यांवर एका गायिकेचे नाव असे. ते नाव होते राजकुमारी.

राजकुमारी यांचा जन्म १९२४च्या सुमारास बनारसला झाला. लहान वयातच त्या नाटकांतून गाऊ लागल्या. त्या काळी रंगभूमीवर ध्वनिवर्धक नसे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही गाणे ऐकू गेले पाहिजे, म्हणून नट-नट्यांना आवाज चढवून गावे लागे. मुंबईच्या प्रकाश पिक्चर्स या चित्रसंस्थेच्या चालकांनी ही मुलगी पाहिली. असेच गात राहिली तर हिचा आवाज खराब होईल, असे त्यांना वाटले. त्यांनी तिला नाटक सोडून चित्रपटात येण्यास सांगितले. १९३४च्या सुमारास राजकुमारी चित्रपटात आल्या.

तेव्हा पडद्यावरची नटी आपले गाणे स्वतःच गात असे. १९३५ सालच्या 'धूप छाँव' या चित्रपटापासून पार्श्वगायनाची पद्धत आली. पार्श्वगायन म्हणजे पडद्यामागून गाणे. गाणारी एक व ओठ हलवणारी दुसरी. या पद्धतीमुळे राजकुमारींना अभिनय सोडून केवळ गाणे करता आले. १९४० नंतरच्या दहा वर्षांत झोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, शमशाद बेगम यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाई. त्यांचा आवाज मृदू होता. शब्द त्या स्पष्ट उच्चारीत आणि उगाच जोर लावीत नसत.

१९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश. या चित्रपटात राजकुमारींची गाणी होती. पण लोकांच्या ओठांवर सर्वांत जास्त बसले ते दुसरेच एक गाणे. चित्रपटातील गूढ स्त्रीच्या तोंडी असलेले ते गाणे वीस वर्षांच्या लता मंगेशकर यांनी गायले होते. त्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे तर चित्रपटातील पात्राचे नाव! हे गाणे कोणी गायले, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी आकाशवाणीला पाठवली. मगच लताबाईंचे नाव लोकांना कळले.

'महल'ने हिंदी चित्रपटसंगीताची दिशा बदलली. संगीतकारांना आता उंच पट्टीतला, बारीक आणि सरळ असा आवाज हवा होता. मायक्रोफोन सुधारले होते. अशा आवाजातली बारीकशी हरकतही त्यांत नीट पकडली जाई. राजकुमारी काही एकदम मागे पडल्या नाहीत. १९५० साली रोशन यांच्या 'बावरे नैन'मधली त्यांची गाणी गाजली. ओ. पी. नय्यर यांच्या पहिल्या चित्रपटात, म्हणजे १९५२ सालच्या 'आसमान'मध्येही त्या गायल्या. पण मग बोलावणी कमी होत गेली. आवाज होता तसाच होता, त्याला मागणी मात्र राहिली नाही. यात कोणा एकाचा दोष काढता येईल, असे मला वाटत नाही. परंतु ज्यांचे पोट गाण्यावर चालते, त्यांना या समजुतीने धान्य मिळत नाही.

राजकुमारी कोरसमध्ये गाऊ लागल्या. कोरस म्हणजे समूहाने गाणे. मुख्य गायकाच्या मागे दहा-वीस माणसे एका सुरात गातात. त्यात कोणाचाही आवाज वेगळा ओळखू येऊ द्यायचा नसतो. ज्या बाईंचे नाव तबकडीवर छापले जाई, त्यांना आता आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळून टाकायचा होता.

याच काळात कमाल अमरोही यांचा 'पाकीजा' तयार होत होता. त्याला फार वर्षे लागली. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ साली वारले. त्यांची गाणी तयार होती, पण पार्श्वसंगीत राहिले होते. प्रसंगाच्या मागे जे वाद्यांचे व गळ्याचे सूर ऐकू येतात, त्यांना पार्श्वसंगीत म्हणतात. हे काम नौशाद यांच्याकडे आले. त्यांनी ध्वनिमुद्रणासाठी कोरस बोलावला. त्या बायकांमध्ये त्यांना राजकुमारी उभ्या दिसल्या, अशी हकीकत सांगतात. नौशाद १९३७ सालापासून मुंबईत होते. राजकुमारी कोण, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी राजकुमारींना रांगेतून बाहेर बोलावले आणि पार्श्वसंगीतातील एक ठुमरी एकट्याने गायला दिली.

'पाकीजा' ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला. योगायोग पाहा. दिग्दर्शक तेच कमाल अमरोही आणि मुख्य गाणी लताबाईंचीच. 'महल'नंतर तेवीस वर्षांनी या तिघांची नावे पुन्हा एका चित्रपटाशी जोडली गेली. परवीन सुलताना आणि वाणी जयराम यांचेही आवाज याच पार्श्वसंगीतात आहेत. त्या तेव्हा वयाने लहान होत्या. राजकुमारी पन्नाशीला टेकल्या होत्या.

पुढे १९७७ साली गुलजार यांच्या 'किताब'साठी संगीतकार राहुलदेव बर्मन यांनी राजकुमारींना बोलावले. हे गाणे पार्श्वसंगीताचा तुकडा नव्हते, चित्रपटाचे स्वतंत्र गाणे होते. गाण्यापुढे पुन्हा त्यांचे एकटीचे नाव आले. २००० साली राजकुमारी यांचे निधन झाले.

'पाकीजा' पुन्हा दूरदर्शनवर लागला, तर मुख्य गाणी संपल्यावर उठून जाऊ नका. मैफलीच्या प्रसंगांत पात्रे बोलत असतात आणि त्यांच्या मागे कोणीतरी ठुमरी गात असते. त्यांतला एक आवाज थोडा वयस्कर आहे, शांत आहे आणि शब्द अगदी स्वच्छ आहेत.