जुनी गाडी, जिवंत इंजिन (भाग 9) : निडल निवडावी ती मापावरून

मागच्या भागात एसयू कार्ब्युरेटरचा पिस्टन हवेच्या ओढीने कसा उचलला जातो, हे पाहिले. त्या पिस्टनच्या बुडाशी एक निमुळती निडल बसवलेली असते. पिस्टन वर गेला की तीही जेटमधून वर सरकते, आणि तिच्या व जेटच्या मधली कंकणाकृती फट रुंदावते. पेट्रोल येते ते याच फटीतून. पद्मिनीसारख्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये ठरावीक भोकांचे वेगवेगळे जेट असतात; आयडलिंगला एक, रस्त्यावर पळताना दुसरा. एसयूमध्ये आयडलिंगपासून फुल थ्रॉटलपर्यंतचा सगळा हिशेब त्या एकाच निडलच्या अंगावर कोरलेला असतो. म्हणून गाडी 60 च्या वेगाला गचके देते, चढावर दम टाकते, तेव्हा कार्ब्युरेटरखालचा नट फिरवून ते दुखणे बरे करता येत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र तेच केले जाते.

नट पिळला की जेट खालीवर होतो. त्यामुळे निडल जेटच्या तोंडाशी कुठल्या जागी येते हे बदलते, निडलचा आकार तसाच राहतो. पँट वर ओढली म्हणून तिची शिवण बदलत नाही. हे आकड्यांत पाहू, कारण गोम तिथेच आहे. 1962 पासूनच्या एमजीबीवर दोन एचएस 4 कार्ब्युरेटर असत आणि त्यांच्या जेटचे भोक 0.090 इंचाचे. जेटच्या तोंडाशी निडलचा व्यास 0.085 इंच असताना ती एक थाऊने, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने, बारीक केली, तर फटीचे क्षेत्रफळ सुमारे 19 टक्क्यांनी वाढते. व्यास 0.070 असेल तिथे तोच एक थाऊ 4 टक्क्यांचा फरक करतो, आणि 0.055 असेल तिथे जेमतेम 2 टक्क्यांचा. आयडलिंगजवळ निडल जेटला जवळजवळ भरून टाकते, म्हणून तिथे केसाएवढा फरकही मोठा ठरतो.

आता समजा, मधल्या टप्प्यात मिश्रण 7-8 टक्क्यांनी लीन आहे, म्हणजे त्यात पेट्रोल तेवढे कमी आहे. तिथे निडल सुमारे पावणेदोन थाऊने बारीक हवी. निडलचा उतार सगळीकडे साधारण सारखा धरला, तर नट उतरवून प्रत्येक जागी पावणेदोन थाऊच मिळतात. मधला टप्पा सुधारतो, पण आयडलिंगजवळ मिश्रण तब्बल 33 टक्क्यांनी रिच (पेट्रोल जास्त) होते आणि वरच्या टप्प्यात पुरेसे वाढतही नाही, कारण तिथे साडेतीन थाऊची गरज असते. सिग्नलला काळा धूर आणि घाटात कोरडे इंजिन, अशी तक्रार एकाच गाडीबद्दल ऐकू येते ती यामुळे. नट हा आयडलिंग जुळवण्यासाठी आहे. पिस्टनशेजारची पिन वापरून पिस्टन सुमारे 0.8 मिलिमीटर उचलून पाहण्याची जी नेहमीची परीक्षा आहे, तीही फक्त आयडलिंगबद्दलच बोलते. आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच, इंजिन बसले तर लीन, क्षणभर किंचित वाढून स्थिरावले तर ठीक. ही परीक्षा पास झालेली गाडी महामार्गावर नापास होऊ शकते.

मग निडल बदलायची, पण कुठली? एसयूच्या शेकडो निडल निघाल्या आणि त्यांच्या खुणांना कसलाही क्रम नाही. एमजीबीवरच वेगवेगळ्या वर्षांत एमबी, 5 आणि एफएक्स या निडल आल्या. ही नावे पाहून कुठली जाड आणि कुठली बारीक हे कुणालाही सांगता येणार नाही. एमजीबी बनवणाऱ्या बीएमसीची वर्कशॉप मॅन्युअल स्टँडर्ड, रिच आणि वीक अशा तीन निडल सुचवत, आणि पुष्कळ लोक अडचण आली की सरळ रिचवाली मागवतात. रिच निडल सगळीकडे सारखी रिच असेल, याची मात्र खात्री नसते. पाहायचा तो मापांचा तक्ता. त्यात दर अष्टमांश इंचाला, म्हणजे एकेका स्टेशनला, निडलचा व्यास दिलेला असतो. जुन्या आणि नव्या निडलचे आकडे शेजारी मांडावेत. जिथे गाडी चांगली चालते तिथे ते सारखे हवेत, जिथे अडते तिथेच वेगळे.

गाडी नेमकी कुठल्या स्टेशनला अडते हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही. एचएस कार्ब्युरेटरचा चोक जेटच खाली ओढतो. ठरावीक वेगाला गाडी कुरकुरत असताना चोक थोडा ओढावा (सुरुवातीच्या ओढीत फक्त थ्रॉटल किंचित उघडतो, जेट त्यानंतर हलतो). इंजिन खुलले तर त्या जागी मिश्रण लीन आहे, आणखी गुदमरले तर रिच. त्या वेगाला पिस्टन किती वर आहे, हे डॅम्परच्या जागी हलकी काडी बसवून दिसते. पिस्टन अर्धा इंच वर असेल, तर जेटच्या तोंडाशी पाचवे स्टेशन असते. जेट थोडा खाली उतरवलेला असल्याने प्रत्यक्षात पाचवे आणि सहावे यांच्यामधले धरावे.

यावर पहिला आक्षेप असा, की कारखान्यातल्या इंजिनिअरांनी डायनॅमोमीटरवर ठरवलेली निडल आपण का बदलावी? इंजिन, एअर फिल्टर, सायलेन्सर आणि पेट्रोल तेव्हाचेच असते, तर बदलू नये हेच उत्तर. पण पेट्रोल तेव्हाचे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये 2021 च्या सप्टेंबरपासून 10 टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले, भारतात आता 20 टक्के मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. वर मी 7-8 टक्क्यांचे उदाहरण घेतले ते हवेतून काढलेले नव्हते. इथेनॉलमुळे येणारी तूट साधारण तेवढीच आहे.

दुसरा आक्षेप फिक्स्ड जेटवाल्यांचा, आणि त्यात तथ्य आहे. पिस्टन फक्त किती हवा जाते एवढेच ओळखतो. कमी आरपीएमला फुल थ्रॉटल आणि जास्त आरपीएमला अर्धा थ्रॉटल, दोन्ही वेळी तो एकाच उंचीवर असू शकतो. पहिल्या वेळी मिश्रण रिच हवे, दुसऱ्या वेळी लीन चालते, पण निडल मात्र तीच. म्हणजे प्रत्येक निडल ही तडजोडच, आणि अशा वेळी तडजोड किंचित रिचच्या बाजूला ठेवावी. किंचितच. फार रिच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि मग खर्च कार्ब्युरेटरपुरता उरत नाही. पॉलिश पेपरने निडल घासण्याचा जुना उद्योग मला वर्ज्य वाटत नाही, फक्त तो मायक्रोमीटर हातात घेऊन करावा आणि मूळ निडल जपून ठेवावी. घासलेला थाऊ परत चढवता येत नाही.

हे सगळे करण्याआधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग तपासलेले असावे. थ्रॉटल स्पिंडल झिजून हवा ओढत असेल, किंवा कुणी पिस्टनची स्प्रिंग वेगळ्या रंगाची घातली असेल, तर तक्त्यावरची मेहनत फुकट जाते. निळी स्प्रिंग अडीच औंसांची, लाल साडेचारची आणि पिवळी आठची. लालच्या जागी पिवळी बसली की तेवढ्याच हवेला पिस्टन कमी उचलला जातो आणि निडलचे वेगळेच स्टेशन जेटसमोर येते.

पुढच्या भागात फ्लोट आणि पेट्रोलची पातळी. ज्यांच्याकडे एसयूवाली जुनी गाडी आहे, त्यांनी तोवर पिस्टन काढून निडलच्या दांड्यावरची खूण वाचून ठेवावी, आणि निडलचा खांदा पिस्टनच्या बुडाशी सपाट बसला आहे की नाही तेही पाहावे. बाजूने स्प्रिंग असलेल्या, थोड्या हलणाऱ्या निडल नंतरच्या काळातल्या आहेत. त्या जुन्या बिनस्प्रिंगच्या पिस्टनमध्ये बसत नाहीत.