गॅस गेला कुठे?

"भाऊ, नुसता गॅस भरून द्या," म्हणणारं गिऱ्हाईक एप्रिलमध्ये रोज येतं. नागपूरचं ऊन पाहता घाई समजते; पण गाडीच्या एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. मी आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावतो. जोडाच्या ओ-रिंगपाशी बुडबुडे आले, तर गॅससकट २,००० रुपयांच्या आसपास भागतं. कूलिंग कॉइल गळत असेल, तर मात्र बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तिथे कॉइलपेक्षा मजुरीच बोचते. कॉम्प्रेसर जाम होऊन धातूचा चुरा पाइपांत पसरला, की कंडेन्सरही गेलाच समजा. १५ वर्षांच्या गाडीला एवढा खर्च? इंजिन ठणठणीत असेल, तर तपासलेला जुना कॉम्प्रेसर बसवून देतो. गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर मात्र नवाच. त्यावर घासाघीस नको.