आवाज जवळून घ्यावा : चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण कसे करावे?

आपल्या धर्मग्रामांत आज चित्रीकरण ही नित्याची बाब झाली आहे. चर्चचा सुवर्णमहोत्सव, गुरुदीक्षा विधी, नाताळची नाटिका, युवकांनी तयार केलेला लघुपट, गावातील वयोवृद्धांच्या मुलाखती, असे कितीतरी प्रसंग कॅमेऱ्यात साठवले जातात. चित्र बहुधा उत्तम येते. पूर्वी ज्या दर्जासाठी मोठी यंत्रे भाड्याने आणावी लागत, तो दर्जा आता खिशातील फोनही देतो. परंतु ही फिल्म पडद्यावर लागली की सभागृहात कुजबुज सुरू होते, "काय म्हणाले ते?" वक्त्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र पंख्याच्या घरघरीत आणि भिंतींच्या प्रतिध्वनीत बुडालेले असतात. किंचित अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो. शब्द कळेनासे झाले की तो पाहणेच सोडून देतो.

व्यावसायिक चित्रपटसृष्टीलाही या अडचणीने आरंभापासून छळले आहे. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांच्या स्टुडिओजवळून रेल्वेमार्ग जात असे. त्यामुळे मध्यरात्रीनंतर, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, त्यांना चित्रीकरण करावे लागले आणि नटांच्या आसपास मायक्रोफोन दडवून संवाद टिपावे लागले. पुढे बाह्यचित्रीकरण वाढले, वाहून नेण्यास सोपे पण स्वतःच खडखडाट करणारे कॅमेरे आले, आणि संवाद नंतर स्टुडिओत बोलून भरण्याची, म्हणजे डबिंगची, पद्धत हिंदी चित्रपटांत रूढ झाली. २००१ साली आलेल्या 'लगान'मध्ये कच्छच्या उघड्या माळावर चित्रीकरण करतानाच संवाद मुद्रित करण्यात आले; त्या चित्रपटाच्या ध्वनीसाठी नकुल कामटे व एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या दाट वस्त्यांत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ साली रसूल पूकुट्टी यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पुरस्कार लाभला, हेही वाचकांना स्मरत असेल.

नटाला पुन्हा स्टुडिओत बोलावून संवाद म्हणवून घेता येतो. आपल्याकडील चित्रीकरणाला ही सोय नाही. नव्वदीच्या आजी आपल्या कादोडी बोलीत लग्नातील जुन्या चालीरीती सांगत असतील, तर तो स्वर, ते हेल, मध्येच थांबून आठवण्याची ती रीत पुन्हा त्याच प्रकारे उमटणार नाही. पुढच्या वर्षी त्या असतील याचीही शाश्वती नसते. म्हणून या विषयाकडे तंत्रज्ञांचे खटाटोप म्हणून न पाहता थोडे लक्ष देऊन पाहावे.

वाचकहो, या साऱ्या शास्त्रातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती अंतराची. मोकळ्या जागेत बोलणारा आणि मायक्रोफोन यांच्यातील अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. आजींच्या मुखापासून एक फुटावर असलेला माईक आठ फुटांवर नेला, तर अंतर तीनदा दुप्पट झाले. आवाज अठरा डेसिबलने घटला, म्हणजे त्याची ऊर्जा चौसष्टाव्या हिश्शावर आली. पंखा, रस्ता, कावळे, शेजारचा मिक्सर यांचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. नंतर संगणकावर आवाज वाढवला तर हा गोंगाटही त्याच प्रमाणात वाढतो. कॅमेऱ्याचे भिंग दूरची वस्तू जवळ आणते, म्हणून माईकही तसेच करील असा समज होतो. तसे होत नाही. कॅमेऱ्यावर बसवलेला माईक कॅमेरा जिथे आहे तिथलाच आवाज ऐकतो, आणि कॅमेरामनचा श्वासही त्यात टिपला जातो.

तेव्हा माईक कॅमेऱ्यापासून सोडवून बोलणाऱ्याजवळ नेणे, ही पहिली पायरी. त्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे लांब काठीच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला माईक लावून तो चौकटीच्या अगदी वर, बोलणाऱ्याच्या छातीकडे रोखून धरणे. दुसरा मार्ग कपड्यावर लावायच्या लहानशा कॉलर माईकचा. तो हनुवटीच्या साधारण वीतभर खाली, छातीच्या मध्यावर लावतात. यात खरी अडचण कपड्यांची आणि दागिन्यांची. खळ घातलेले नवे लुगडे सळसळते, रेशीम त्याहून अधिक, आणि गळ्यातील माळ माईकवर आपटली तर त्या टकटकीवर कोणताही उपाय नसतो. बोलणाऱ्या व्यक्तीला आधीच आदराने विनंती करून मऊ, धुतलेले सुती वस्त्र परिधान करण्यास सांगावे आणि माळ किंचित बाजूला घ्यावी. माईकची वायर कपड्याच्या आत एक लहान वळसा देऊन चिकटवली म्हणजे तिची ओढ माईकपर्यंत पोहोचत नाही. बिनतारी यंत्र असेल तर बॅटरी नवी घालावी. मुलाखत रंगात आली असतानाच ती संपते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

लांबट नळीसारख्या गनमाईकविषयी बराच गैरसमज आढळतो. तो दूरचा आवाज ओढून आणत नाही. बाजूने येणारे आवाज काही प्रमाणात क्षीण करतो, इतकेच. तेही मुख्यत्वे तीव्र स्वरांच्या बाबतीत. ट्रकची किंवा जनरेटरची खर्जातील गुरगुर त्याच्या बाजूंनीही आत शिरते. उघड्या अंगणात तो उत्तम चालतो. उघड्या भिंतींच्या, फरशीच्या बंद खोलीत मात्र प्रतिध्वनी सर्व दिशांनी येत असल्यामुळे त्यातून आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. अशा खोलीत जवळ धरलेला आखूड माईक किंवा कॉलर माईक अधिक विश्वासाचा. बाहेर वारा असेल, आणि आपल्या किनारपट्टीवर तो असतोच, तर माईकवर केसाळ फरचे आवरण चढवावे. नुसत्या स्पंजने समुद्रावरचा वारा थांबत नाही.

माईकइतकेच महत्त्व जागेला. दृश्य सुंदर आहे म्हणून जागा निवडली जाते आणि तिथे कानांनी कोणी पाहत नाही. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्या जागी पाच मिनिटे डोळे मिटून बसावे. किती वाजता शाळा सुटते, मोटारपंप केव्हा सुरू होतो, पत्र्यावर पाऊस कसा वाजतो, हे सारे तेव्हाच उमगते. घरात मुलाखत असेल तर पंखा, फ्रीज आणि पाण्याचा पंप बंद करावा. फ्रीज पुन्हा सुरू करण्याचे विसरू नये म्हणून जाणकार ध्वनिमुद्रक आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवतात! दिवाणखान्यापेक्षा गाद्या, उशा आणि कपड्यांनी भरलेली निजायची खोली कानांना अधिक सुखावह असते. बाजूला दोन गोधड्या टांगल्या तरी प्रतिध्वनीत जाणवण्याइतका फरक पडतो.

चर्चमधील ध्वनिमुद्रण हा स्वतंत्र विषय व्हावा इतका गुंतागुंतीचा आहे. उंच छत, दगडी अथवा चुन्याच्या भिंती आणि लांब मध्यभाग यांमुळे गायनाला भव्यता येते. तीच वास्तू प्रवचनातील व्यंजने मात्र एकमेकांत मिसळून टाकते. मागच्या दाराशी कॅमेरा ठेवून प्रवचन मुद्रित करणे म्हणूनच व्यर्थ. ध्वनिक्षेपण यंत्रणेच्या मिक्सरमधून सरळ वायर घ्यावी हे उत्तम, परंतु तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मिक्सरमधून येणारा लाईन संकेत माईकच्या संकेतापेक्षा कितीतरी प्रबळ असतो. तो कॅमेऱ्याच्या माईक-प्रवेशात घातला तर आवाज फाटतो. दुसरे असे की, दोन यंत्रे वेगवेगळ्या विद्युत जोडणीवर असली तर ५० हर्ट्झची सततची गुणगुण उमटते. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातल्यास ती जाते. तिसरी गोष्ट सर्वांत विसरली जाते. मिक्सरमध्ये फक्त माईकसमोरचे आवाज असतात, भाविकांचे एकत्रित गायन नसते. ते टिपण्यासाठी सभेत वेगळा माईक ठेवून त्याचे मुद्रण निराळे घ्यावे आणि नंतर दोन्ही जुळवावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि सेकंदाला २५ चित्रे असतील तर एका चित्राच्या अवधीत तो जेमतेम १४ मीटर पुढे सरकतो. चाळीस मीटर मागे ठेवलेल्या माईकमधील आवाज त्यामुळे जवळजवळ तीन चित्रे उशिरा येतो. तो तेवढा पुढे सरकवला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

यंत्राच्या पातळीबाबत थोडक्यात. अंकीय मुद्रणात शून्य डेसिबल ही वरची अंतिम सीमा. बोलण्याची शिखरे उणे १२च्या आसपास राहतील असे पाहावे, म्हणजे अचानक हसू फुटले तरी आवाज फाटणार नाही. पातळी आपोआप सांभाळणारी सोय शक्यतो बंद करावी. वृद्ध माणसे बोलताना दीर्घ विराम घेतात. त्या विरामात यंत्र शांतता 'वाढवू' लागते आणि खोलीतील खसखस लाटेसारखी वर येते. अलीकडील ३२-बिट फ्लोट पद्धतीची यंत्रे पातळीची ही चिंता पुष्कळशी दूर करतात, पण दूर ठेवलेला माईक जवळ आणण्याची विद्या त्यांना अवगत नाही. आणि हेडफोन! मुद्रण चालू असताना एका व्यक्तीने सतत हेडफोन लावून ऐकत राहावे, तिला दुसरे काम देऊ नये. आपला मेंदू पंख्याचा आवाज सहज वगळतो, माईक वगळत नाही. हा भेद हेडफोनशिवाय कळत नाही.

गोंगाट काढून टाकणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या आज सहज मिळतात आणि पंख्याच्या एकसुरी आवाजावर त्या चांगले काम करतात. तथापि बोलीभाषांच्या बाबतीत त्यांच्यावर फार विसंबू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जे व्यंजन माईकपर्यंत पोहोचलेच नाही ते कोठून आणणार? नव्या आज्ञावल्या तिथे अंदाजाने काही भरतात, आणि कादोडी किंवा वाडवळीतील एखादा उच्चार असा अंदाजाने पुसला गेला तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

या संदर्भात एक जुनी हकिकत उद्बोधक आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशातील अनेक भाषा व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. तुलनेसाठी निवडलेला मजकूर आपल्या परिचयाचा आहे : शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. त्या काळी विद्युत माईकचा प्रसार होण्यापूर्वी बोलणाऱ्याला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहूनच बोलावे लागे, दूर राहण्याची सोयच नव्हती. तबकड्या खरखरतात; तरीही शतकानंतर त्या ऐकता येतात आणि अभ्यासताही येतात.

अखेरीस काही लहान कामे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी, म्हणजे वेगळ्या यंत्रावरील आवाज चित्राशी जुळवणे सोपे जाते. त्याच वेळी व्यक्तीचे नाव, गाव आणि दिनांक मोठ्याने उच्चारावा. मुलाखत संपल्यावर कोणीही न उठता त्या खोलीतील निव्वळ शांतता एक मिनिट मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधील तुटलेली जागा याच शांततेने भरली जाते. चहा येण्यापूर्वी मुद्रणाचा काही भाग हेडफोनवर ऐकून पाहावा आणि त्याच रात्री त्याच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी, शक्य झाल्यास एक धर्मग्राम कार्यालयात, ठेवाव्यात.