जुन्या ट्रॅक्टरचा रंग

आमच्या मळ्यांतल्या जुन्या गोठ्यांत पंधरा वर्षें पडून राहिलेला एक ट्रॅक्टर गेल्या दिवाळीनंतर आम्हीं बाहेर ओढून काढला. वडिलांनीं तो १९७१ सालीं घेतला होता. इंटरनॅशनल बी-२७५ ही त्याची जात. मूळची ब्रिटनमधली, आणि पुढें १९६३ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें मुंबईस कांदिवलीच्या कारखान्यांत बांधलेली. इंजिनाचें काम मिस्त्रीनें महिन्याभरांत उरकलें. रंगाचें काम सोपें, म्हणून तें मीं आपल्याकडे घेतलें, आणि तेंच सर्वांत अवघड ठरलें. त्यांत जें शिकावें लागलें, तें आज आपल्यापुढें मांडणार आहें.

ट्रॅक्टरच्या जगांत रंगाला कुळाच्या नांवासारखा मान आहे. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें पांच लाखांवर निघाला, आणि तो करडाच. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे फार्मॉल ट्रॅक्टरही १९३६ सालापर्यंत करडेच असत. त्या सालच्या अखेरीस कंपनीनें तांबडा रंग धरला, आणि तोच वारसा आमच्या बी-२७५ कडे आला. म्हणून पहिला प्रश्न असा कीं, तो तांबडा नेमका कोणता?

वर्षानुवर्षें उन्हांत तापलेल्या पत्र्यावरून याचें उत्तर मिळत नाहीं. तांबडा रंग उन्हांत विटतो, त्यावर खडूसारखी भुकटी धरते, आणि आपण ज्याला मूळचा रंग समजतों तो त्याचा जीर्ण अवशेष असतो. खरा रंग पाहावयाचा तर ऊन जेथें पोंचलें नाहीं तेथें पाहावा: घड्याळांच्या पाटीच्या पाठीमागें, बॅटरीच्या पेटीखालीं, कंपनीच्या धातुपट्टीच्या आड. आम्हांस तो पाटीच्या मागें तळहाताएवढा सांपडला. तेवढा भाग पॉलिशनें हलक्या हातानें पुसून, रंगाच्या दुकानांतील नमुनापत्राशीं ताडून पाहिला. रंगांच्या नांवांविषयीं आपल्याकडे भारतीय मानक क्रमांक ५ आहे. ‘सिग्नल रेड’ वगैरे नांवें त्यांतलींच. मात्र ही तुलना दुकानाच्या दिव्याखालीं करूं नये, उघड्यावर सकाळच्या प्रकाशांत करावी. दिव्याखालीं जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन तांबडे रंग उन्हांत एकमेकांस ओळखही देत नाहींत. शिवाय लागणारा सारा रंग एकदमच आणून एका बादलींत एकजीव करावा, नाहींतर एक मडगार्ड दुसऱ्याहून निराळें दिसतें.

आतां रंगाच्या जातीकडे वळूं. दुकानदार डबा पुढें करतो तेव्हां रंगछटेइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा प्रश्न हा असतो कीं, हा रंग वाळतो कसा? बाजारांत मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. सिंथेटिक एनॅमल हा जवसाच्या तेलाचा वंशज. त्यांतील पातळ द्रव उडून जातो तें अर्धेंच काम; उरलेला थर हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतो. बोटाला तो दुसऱ्या दिवशीं कोरडा लागला, तरी आंतून पक्का होण्यास कित्येक आठवडे लागतात. दुसरा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. तो घट्ट होत नाहीं, केवळ सुकतो. म्हणूनच त्याच्याच थिनरनें तो पुन्हां विरघळतो. तिसरा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. रंग व हार्डनर मिसळले कीं त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते, आणि कांहीं तासांत उरलेला रंग भांड्यांतच दगड होतो. चकाकी, टिकाऊपणा, डिझेल सांडलें तरी न डागण्याचा गुण, या साऱ्यांत हा तिसरा श्रेष्ठ.

हा भेद न जाणल्याची शिक्षा मला लगेच मिळाली. डाव्या मडगार्डला एनॅमलचा हात दिला होता. तीन दिवसांनीं कोणीसें सुचविलें कीं, वरून लॅकरचा फवारा मारावा, तेज अधिक येईल. मारला, आणि पांच मिनिटांत तापल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या साऱ्या पत्र्यावर उमटल्या. लॅकरचा थिनर जहाल असतो. अर्धवट पिकलेल्या एनॅमलांत तो शिरला, थर खालून फुगला व पत्रा सोडून उठला. सारें खरवडून पुन्हां आरंभ करावा लागला. तेव्हां खालचा रंग जहाल व वरचा सौम्य असला तर बहुधा निभावतें, उलट कधींच नाहीं.

मग श्रेष्ठ असा पॉलियुरेथेनच कां घेऊं नये? येथें मी थोडा अधिक थांबणार आहें. त्याच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. फवाऱ्याच्या धुक्यांतून तें फुप्फुसांत गेलें तर दमा जडतो, आणि एकदां शरीर त्याला चाळवलें कीं पुढें अत्यल्प मात्रेनेंही धाप लागते. त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. आमच्या गांवचा फवारेवाला तोंडाला रुमाल बांधून हें काम करतो. रुमाल सोडाच, साध्या कोळशाच्या मुखवट्यावरही येथें भरवसा ठेवतां येत नाहीं. बाहेरून नळीनें स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. तो गांवांत मिळणार नाहीं, हें धरूनच चालावें. माझा निर्णय असा झाला कीं, घरच्या अंगणांत एनॅमलच, आणि तोही बराचसा कुंचल्यानें. ज्याला पॉलियुरेथेनचीच हौस असेल त्यानें बॉनेट व मडगार्ड सोडवून, बंद खोली व हवेची नळी असलेल्या कारखान्यांत पाठवावेत. शंभर रुपये वांचविण्यासाठीं दुसऱ्याचा श्वास पणाला लावूं नये.

जुना रंग घासतांनाही तीच काळजी. त्या काळच्या रंगांत शिसें असण्याचा संभव मोठा. पूर्वीं लोखंडाला अस्तर म्हणून जवसाच्या तेलांत कालवलेला शेंदूर लावीत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचेंच एक भस्म. गंज अडविण्यांत तो निःसंशय गुणी होता, पण त्याची धूळ विशेषतः मुलांना घातक. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. पन्नास वर्षांपूर्वींच्या पत्र्याला अर्थातच तो ठाऊक नाहीं. म्हणून कोरडें घासूं नये. पाणपेपर ओला करून घासावें, खालीं ताडपत्री अंथरावी, आणि मुलांना व कोंबड्यांना त्या दिवशीं अंगणाबाहेर ठेवावें.

रंगापूर्वीं धुणें आलें. ट्रॅक्टरच्या सांध्यांत ग्रीस व तेल इतकें मुरलेलें असतें कीं, त्यावर लावलेला उत्तम रंगही पावसाळा संपण्याआधीं पोपड्यांनीं निघतो. प्रथम रॉकेल, मग साबणाचें गरम पाणी, मग ऊन. अस्तरासाठीं बाजारांत रेड ऑक्साइड सर्रास देतात. त्यांतील तांबडें द्रव्य गेरूच्याच जातीचें, म्हणजे एका अर्थीं गंजाचाच भाऊ. तें गंजाला केवळ आडोसा करतें, रासायनिक रीतीनें रोखत नाहीं. त्यापेक्षां झिंक फॉस्फेटचें अस्तर घ्यावें. आणि अस्तर कोणतेंही असो, तें लावून ट्रॅक्टर महिनाभर उघड्यावर टाकूं नये, कारण अस्तर सच्छिद्र असतें व दंव पितें. खोलगट जागीं भरावयाची पुट्टी, जिला जुने रंगारी लांबी म्हणत, ती पत्र्यावरच वापरावी. ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा मूळचाच आहे. तो गुळगुळीत केला तर ट्रॅक्टर खेळण्यासारखा दिसूं लागतो.

इंजिनाच्या अंगाला साधा एनॅमल चालतो, कारण आंतील पाणी त्याला फार तापूं देत नाहीं. धुराड्याची गोष्ट निराळी. तेथें सिलिकोनचा, उष्णता सोसणारा रंगच टिकतो. रेडिएटरच्या जाळीवर जाड थर देऊं नये, उष्णता कोंडते. ग्रीसचीं तोंडें, आटे आणि चाक जेथें टेकतें ती पाठ कोरी ठेवावी.

हवामानाविषयीं एवढेंच सांगतों कीं, पावसाळ्यांत हें काम काढूं नये. हिवाळ्यांतही सकाळचें दंव पुरतें उडाल्यावर आरंभ करावा व तीनच्या सुमारास कुंचला धुवावा, म्हणजे सायंकाळचें दंव पडण्यापूर्वीं वरची कातडी धरते. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षां बरे. जाड थर वरून वाळतो व आंत कच्चा राहतो.

आमचा ट्रॅक्टर आतां बहुतेक झाला आहे. बॉनेटचा डावा पत्रा तेवढा राहिला. त्यावर वडिलांनीं तालुक्याच्या एका पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत ‘श्री खंडोबा प्रसन्न’ असें लिहून घेतलें होतें. कारखान्यांतून आला तसा ट्रॅक्टर करावयाचा, तर तीं अक्षरें जावयास हवींत. मीं पाणपेपर भिजवून हातांत घेतला, तेव्हां आई ओटीवरून म्हणाली, “बाकी काय रंगवायचं तें रंगव, तेवढीं अक्षरं पुसूं नको.” अक्षरांचा ठसा पातळ कागदावर काढून घेऊन नव्या रंगावर तीं पुन्हां लिहवितां येतील, असें मीं तिला सांगितलें. तिनें कागद हातांत घेऊन पाहिला व काहीं न बोलतां परत दिला. तो पत्रा घासल्याशिवाय, आहे तसाच, मीं पुन्हां बसविला आहे. खालच्या कडेला गंज आहे. तेवढ्यापुरता झिंक फॉस्फेटचा हात येत्या रविवारीं देणार आहें.