हवेत गेलेल्या गॅसचा हिशेब

१९८६ च्या उन्हाळ्यात पंचवटीतल्या आमच्या घरचा फ्रिज बिघडला. मेकॅनिकने मागची नळी कापली, फुस्स आवाज झाला. "गेला कुठं रे तो गॅस?" आईने विचारले. "हवेत गेला, काकू," तो म्हणाला आणि नवा गॅस भरून निघून गेला. मी तेव्हा बँकेत नवा अधिकारी. रोकड जुळल्याशिवाय घरी न येणारा. पण या हिशेबात काही जुळायचे राहिले आहे, हे मनातही आले नाही.

पुढे डॉ. जयंत नारळीकरांच्या प्रयोगाविषयी वाचनात आले. २००५ साली हैदराबादहून बलून सोडून त्यांनी व सहकाऱ्यांनी एकेचाळीस किलोमीटरपर्यंतच्या हवेत सूक्ष्मजीव शोधले होते. हवा धरायची ती तऱ्हा मात्र त्याआधीची. मार्च १९८७ मध्ये तिथूनच, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रावरून, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने जर्मन शास्त्रज्ञांसह पोलादी नळ्या वर पाठवल्या होत्या. कशासाठी? तर आईच्या त्या गॅसच्या शोधात!

पस्तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दीडशेव्या हिश्श्याइतकाही नसतो. ती विरळ हवा भरायची कशी? निर्वात केलेल्या नळ्या द्रवरूप निऑनमध्ये, शून्याखाली २४६ अंशांवर, बुडवून ठेवतात. वर झडप उघडली की आत शिरणारी हवा थिजून भिंतीला चिकटते आणि मागोमाग आणखी हवा ओढली जाते. मग झडप बंद. आमच्या तिजोरीसारखेच, खालची हवा आधीच आत असेल तर सगळी मोजणी खोटी.

फ्रिजमधला तो गॅस, सीएफसी-१२, तेव्हा हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे चारशेच्या आसपास होता. पण ओझोनच्या थरात जसजसे वर जावे, तसतसा तो कमी होत जातो. बँकेत तूट म्हणजे बदनामी. इथे तूट हाच पुरावा. प्रखर अतिनील किरणांनी गॅसचे रेणू तिथे फुटतात, क्लोरीन सुटतो आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो.

सप्टेंबर १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ साली आला आणि दम्याच्या पंपांसारखे अपवाद सोडले, तर २०१० पासून सीएफसी आपल्याकडे बंद झाले.

आई आज नाही. सीएफसी-१२ हवेत शंभरेक वर्षे टिकतो. त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरातून सुटलेल्यापैकी निम्म्याहून अधिक अजून हवेतच आहे.